पापलेट सव्वापाच इंचांचं तरी असू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पापलेटच्या तीन पाककृती होत्या. त्यातली हिरव्या वाटणाची आमच्याकडे लगेच करून झाली. आलं जरा जास्त वाटलं, बाकी उत्तम. माझा आक्षेप पाककृतीला नाही, साहित्याच्या यादीतल्या पहिल्या ओळीला आहे. तिथे तळहातात मावतील एवढी छोटी पापलेटं घ्यायला सांगितली आहेत. का, तर ती अख्खी तळता येतात आणि ताटात शोभून दिसतात. त्या एका ओळीपायी हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर खुशाल कात्री लावा. माझा जन्म कात्री चालवण्यात गेला, मला त्याचं दुःख होणार नाही.

मी शिंपी आहे. नेरुळमध्ये सिडकोच्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हापासून माझं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. आता दुकान भाचा बघतो; माझ्याकडे काजं-बटणं आणि गप्पा एवढंच काम उरलंय. पण गळ्यातली टेप काही उतरत नाही, बाजारात जातानाही ती तशीच लोंबत असते. आम्ही मूळचे रेवदंड्याचे. बायको उरणजवळच्या करंज्याची, तिच्या माहेरी होडी आहे. म्हणजे मासे खाणं दोन्ही अंगांनी आलेलं. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी सोडली तर आमच्या घरात म्हावरं शिजतंच. तेव्हा मासे खाऊ नका असं सांगणारं हे पत्र नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तसली पत्रं लिहिणारे वेगळे.

तर मुद्दा मापाचा. २०२३ साली आपल्या राज्य सरकारनं ५४ जातींसाठी किमान मापं ठरवून दिली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं अभ्यास करून ती सुचवली होती. चंदेरी पापलेट १३५ मिलिमीटर, हलवा १७०, बोंबील १८०, सुरमई ३७०. याहून लहान मासा धरायचा नाही. आमच्या धंद्यात मिलिमीटर कोणी बोलत नाही, म्हणून मी ते सगळं टेपेवर उतरवून घेतलं. पापलेट सव्वापाच इंच आणि वर अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सुरमई साडेचौदा इंच आणि वर अर्धा सूत. बोंबील सात इंचांहून जरासा जास्त, हलवा पावणेसातला किंचित कमी. कारण सरळ आहे. मासा मोठा होऊन त्याला एकदा तरी अंडी घालायला मिळावी, मग त्याचं कालवण करा नाहीतर तव्यावर टाका. आता माझा तळहात मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत चार इंच भरतो. बायकांचा त्याहून कमी. म्हणजे तुमच्या पाककृतीतलं पापलेट कायद्यात बसत नाही. ज्या वर्षी हा नियम आला त्याच वर्षी पापलेटला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला, हेही सांगून ठेवतो.

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात मी बऱ्याचदा नुसता उभा राहून गिऱ्हाइकं बघतो. जुनी खोड आहे. कापड घेताना कोण कसं हात लावतं ते बघायची सवय. मासे घेताना लोक काय काय बघतात! कल्ला उघडून लाल आहे का ते बघतात. बोटानं दाबून खड्डा राहतो का ते बघतात. डोळा बघतात, वास घेतात. पापलेट असेल तर डोक्याजवळ दाबून पांढरं पाणी येतं का ते बघतात, आणि भाव ऐकला की दोन पावलं मागे सरकतात. मग पुन्हा दोन पावलं पुढे. वजनकाट्यावरच्या आकड्यावर तर अशी नजर, की सोनं तोलतंय कोणी. इतकी सगळी तपासणी करणाऱ्या माणसांपैकी एकालाही मी मासा केवढा आहे म्हणून हात लांब करताना पाहिलं नाही.

एकदा मी वाट्यातल्या एका पापलेटाला टेप लावली. आमच्या नेहमीच्या मावशी म्हणाल्या, "मास्तर, म्हावरा घ्याला आलाव का झगा शिवाला?" शेजारच्या चार पाट्यांवरच्या बायका हसल्या. पापलेट साडेचार इंच भरलं. मी म्हटलं, मावशी, हे कायद्यात बसत नाही. त्यांनी विळीवरून मानही वर केली नाही. "मंग त्या हाटेलवाल्याला सांगा," म्हणाल्या. त्याच मापाचा मोठा ढीग सकाळीच एक हॉटेलवाला उचलून घेऊन गेला होता. उरलेला तो वाटा.

मावशींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि मी घातलाही नाही. त्या मासे धरत नाहीत. पहाटे अंधारात भाऊच्या धक्क्यावर जायचं, लिलावात मिळेल ती पाटी घ्यायची, बर्फ आणि टेम्पोचे पैसे द्यायचे आणि दुपारपर्यंत ते खपवायचं, हा त्यांचा धंदा. पाटीत लहानमोठं मिसळलेलं असतं. लहान परत घेऊन जा म्हणून सांगणार कोणाला? पण त्यांनी एका वाक्यात मला खरं कारण सांगितलं, ते मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. लहान पापलेटाला गिऱ्हाईक आहे, आणि ते ठरलेलं आहे.

हॉटेलांच्या भाषेत याला 'प्लेट साईज' म्हणतात. थाळीत अख्खं पापलेट दिलं की गिऱ्हाईक खूश, फोटो छान, आणि मोठ्याची अर्धी तुकडी देण्यापेक्षा लहान अख्खं देणं हॉटेलवाल्याला परवडतं. मोठं पापलेट किलोला हजाराच्या वर जातं. तीन-साडेतीनशेच्या थाळीत ते बसवणार कसं? मग पिल्लू बसवायचं. घरीही तेच. चार माणसांना चार अख्खी पापलेटं वाढली की पाहुण्यांत मान राहतो. घरपोच मासे देणाऱ्या ॲपांवर मी मुद्दाम नातवाकडून शोधून घेतलं. 'स्मॉल', 'मीडियम', किती ग्रॅम, किती नग, साफ केल्यावर किती, सगळं लिहिलेलं. लांबी कुठेच नाही. साफ करून, डोकं-शेपूट काढून पुडक्यात आलेल्या माशाचं माप घेणार तरी कसं? उसवलेल्या ब्लाऊजवरून बाईची छाती किती ते सांगा म्हणण्यातला प्रकार.

आता दुसरी बाजू. माझा मेहुणा करंज्याला डोल जाळं लावतो. डोल म्हणजे मोज्यासारखं लांबलचक जाळं. तोंड भरती-ओहोटीच्या धारेसमोर रोवून ठेवायचं, पाण्याबरोबर वाहत येईल ते आत जाणार आणि शेपटाकडे अडकणार. शेपटाचा आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, इतका बारीक की जवळासुद्धा राहतो. बोंबील, करंदी, जवळा, मांदेली यांच्यासाठी हे जाळं, पण पापलेटाची पिल्लंही त्यात येतात, आणि काही दिवसांत भरपूर येतात. मी त्याला कायद्याचं माप सांगितलं तर म्हणाला, "डोलीला डोले नसतान, दाजी." मोठा आस लावला तर करंदी आणि जवळा निसटतो, आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी घरात पैसा येतो तो त्यावर. सातपाटीकडे पापलेटासाठी मोठ्या आसाची जाळी पाण्यात पसरून लावतात, त्यात पिल्लू आरपार निघून जातं, मोठं तेवढं अडकतं. तिकडचं पापलेट म्हणूनच नावाजलेलं. डोलीत तसली निवड होत नाही.

मेहुण्याचा दुसरा सवाल जास्त अवघड होता. पिल्लू होडीवर आलं तेव्हाच मेलेलं असतं. तुम्ही विकत घेतलं नाही म्हणून ते जिवंत होणार आहे का? नाही होणार. मी बराच विचार केला, आणि मला जे सुचलं ते असं. आज पिल्लाला भाव आहे म्हणून ज्या जागी पिल्लं लागतात तिथे जाळं लावायला कोणाची ना नाही. उद्या धक्क्यावर पिल्लांच्या पाटीला बोली लागलीच नाही, तर तोच माणूस चार दिवस जाळं दुसरीकडे नेईल, कारण बर्फ, डिझेल आणि खलाशाचा पगार पिल्लांतून निघणार नाही. मेहुणा यावर काही बोलला नाही. बायको म्हणाली, "त्याला पटलं नसतं तर तो लगेच भांडला असता." असेल.

तो एक गोष्ट मात्र नेहमी सांगतो आणि ती मला मान्य आहे. डोलवाल्यानं पिल्लं मारली म्हणून त्याच्याच नावानं खडे फोडायचे आणि बाहेर पर्ससीननं घेर टाकून अख्खा थवा उचलणाऱ्याकडे, दिवे लावून रात्री मासळी गोळा करणाऱ्याकडे काणाडोळा करायचा, हे बरोबर नाही. त्यासाठी कायदे नाहीत असं नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीनवर निर्बंध घालणारा राज्याचा आदेश फेब्रुवारी २०१६ चा. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राची बंदी नोव्हेंबर २०१७ ची. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनसुद्धा फिरताहेत. पण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर आहे आणि समुद्र त्याच्या पुढे आहे. प्रत्येक होडीवर माणूस उभा करता येत नाही. बाजार मात्र मोजके आहेत, आणि तिथे मासा ओट्यावर पसरून ठेवलेला असतो.

परिस्थिती किती बिकट आहे याचा एक आकडा देतो. २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेमतेम २ लाख टन मासळी उतरली. संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे ४५ वर्षांतली ती सगळ्यात कमी. त्या वर्षी वादळांमुळे होड्या बरेच दिवस बंदरातच होत्या हे खरं, त्यामुळे सगळं खापर जाळ्यांवर फोडू नये. तरी करंज्याला माझ्या सासऱ्यांच्या वेळी ज्या मासळीला कोणी विचारत नव्हतं ती आज लिलावात पहिली उठते, यावरून काय ते समजा.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण बंदीविषयी दर वर्षी आपण छापताच. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी. तरी ऐन जुलैत पामबीच रस्त्याच्या आसपास 'ताजं पापलेट' असे फलक झळकतात. ते एकतर शीतगृहातलं असतं, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात आलेलं; तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, त्यामुळे त्यांच्या होड्या जूनच्या मध्याला सुटतात. ते खाणं बेकायदा नाही, पण त्याला ताजं म्हणू नये एवढंच. आमच्याकडे या दिवसांत आगोटीला भरून ठेवलेला सुका बोंबील, सोडे, जवळा निघतो. वलांडीवर वाळलेला करंज्याचा बोंबील चुलीवर भाजून कांद्याबरोबर खाल्ला की पापलेटाची आठवण येत नाही. निदान मला येत नाही. नातवाला येते.

आता तुम्ही विचाराल, मग खायचं काय. पापलेट, सुरमई आणि कोळंबी सोडून बाजारात काही असतं हेच आपल्या इमारतींमधल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. मावशींच्या पाटीत रोज दहा-बारा प्रकार असतात, आणि गिऱ्हाईक येऊन विचारतं, पापलेट आहे? नाही म्हटलं की पुढे.

मांदेली घ्या. ती मुळातच वीतभरही होत नाही, तिथे लहानपणाचा दोष नाही. रवा लावून कुरकुरीत तळली तर मुलं हाडासकट खातात. बांगडा घ्या, तारली घ्या. भराभर वाढणारी, थव्यानं येणारी मासळी, किंमत सुरमईच्या पाव. तारलीला वास येतो म्हणतात. त्रिफळ आणि कोकम घाला, वास कुठे जातो बघा. वाकटी घ्या, ओली असो की सुकी. ढोमा घ्या. राणी मासा दिसायला पापलेटापेक्षा सुंदर आणि चवीला नाजूक आहे. पण तो पाहुण्यांना वाढायला लोक लाजतात, कारण स्वस्त. मासा स्वस्त आहे म्हणून लाज वाटणारी माणसं मी फक्त मोठ्या गृहसंकुलांतच पाहिली.

तळ्यातला जिताडा मिळाला तर सोडू नका. पेण-अलिबागकडे खारेपाटातल्या घरामागच्या तळ्यांत तो पिढ्यान् पिढ्या वाढवतात. माझ्या मते त्याच्यापुढे पापलेट फिकं आहे. हे मत वादग्रस्त आहे याची कल्पना आहे. शेततळ्यांतली कोळंबी बारमाही मिळते, पण ती कुठल्या जमिनीवर, काय तोडून आणि काय खायला घालून वाढवली याची चौकशी केल्याशिवाय मी तिची शिफारस करणार नाही.

शिंगाळ्याचं सांगतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन फिरतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत खातपीत नाही म्हणतात. अशा वेळी त्याचा थवा घेरला तर बाप आणि मुलं एका झटक्यात जातात. पूर्वी खाली दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर पर्ससीनवाल्यांनी हे केलं आणि शिंगाळ्यांचा तुटवडा पडला. तेव्हा तोंडात गोळ्यांसारखी अंडी असलेला शिंगाळा दिसला तर निदान तेवढा तरी नको म्हणा. मोरीचंही, म्हणजे छोट्या शार्कचंही, तसंच. मोरी मसाला आमच्याकडे बाळंतिणीला देतात, तो बंद करा असं म्हणण्याची माझी छाती नाही, बायको घराबाहेर काढील. पण मोरीच्या बहुतेक जाती उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्लं देतात. वाट्यात हातभर पिल्लांची चवड लागलेली दिसते ती नको घ्यायला.

राहिली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. मला आवडते, सगळ्यांना आवडते. माशाच्या पोटात निघाली तर आनंदानं खावी. पण हल्ली गिऱ्हाईक मुद्दाम पोट दाबून गाबोळीवालाच मासा मागतं, त्यासाठी वर पैसे देतं, आणि तेही मे महिन्यात, बंदी लागायच्या तोंडावर. बंदी कशासाठी ठेवली आहे तेच मग विसरल्यासारखं होतं.

माझी मुलगी लंडनजवळ असते. तिकडच्या दुकानांत माशाच्या पाकिटावर निळं चिन्ह असतं, ते असलं की मासळी साठा राखून धरलेली आहे असं समजायचं. तिनं मला त्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, आपल्याकडे असं का नाही? आपल्याकडेही अगदीच नाही असं नाही. केरळमधल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना ते चिन्ह २०१४ साली मिळालं, भारतात पहिलं तेच. पण दिवाळ्याच्या ओट्यावर पाकीटच नाही, तर चिन्ह चिकटवणार कुठे? मुंबईतल्या काही तरुण मंडळींनी २०१७ पासून 'नो युवर फिश' (म्हणजे आपला मासा ओळखा) नावाचा उपक्रम चालवला आहे. कुठल्या महिन्यात कुठला मासा घ्यावा, कुठला टाळावा, याचं ते कॅलेंडर देतात. मी ते छापून दुकानात लावलं आहे. ब्लाऊजच्या मापासाठी थांबलेल्या बायका ते वाचतात आणि एकमेकींना दाखवतात. त्यातल्या किती जणी ते पाळतात ते मला सांगता येणार नाही, पण निदान 'या महिन्यात हे चालतं का हो?' असं मला विचारतात. मी शिंपी असून.

मावशींना विचारायची सवय मात्र लागायला हवी. हे कुठल्या बंदराचं? कसल्या जाळ्याचं? आजचं की कालचं? त्यांना हे विचारलेलं आवडतं. भाव पाडण्यासाठी केलेल्या घासाघिशीपेक्षा नक्कीच आवडतं. आणि त्या खरं सांगतात. निदान रोजच्या गिऱ्हाइकाला.

इथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. २०१८ च्या डिसेंबरपासून आपल्या राज्यात एक चांगली योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडून दिलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. यातून कितीतरी कासवं परत समुद्रात गेली. का गेली? कारण सोडून देण्यात होडीवाल्याचं घर बुडत नाही. पापलेटाच्या पिल्लाची भरपाई सरकार देऊ शकणार नाही, तेवढा पैसा कोणाकडेच नाही. पण मोठ्या आसाचं जाळं घेणाऱ्या डोलवाल्याला काही मदत करता येईल का, याचा मत्स्यव्यवसाय विभागानं विचार करावा. मेहुण्याला मी हे बोललो तर तो म्हणाला, मदत येईपर्यंत जाळं जुनं होईल. त्याचा सरकारवर फारसा विश्वास नाही.

खाडीविषयी न लिहिता पुढे गेलो तर सरसोळ्याचे शेजारी मला माफ करणार नाहीत. बोय, जिताडा, कोळंबी, चिंबोरी यांची पिल्लं कांदळवनाच्या मुळांत वाढतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला, आणि ऐरोलीला जैवविविधता केंद्रही आहे. लोक होडीत बसून फ्लेमिंगो बघायला जातात, चांगलं आहे. पण याच खाडीत ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं सांडपाणी येतं आणि किनाऱ्यानं राडारोड्याचे डंपर रिकामे होतात. गुलाबी पक्षी दिसतात म्हणून खाडी ठणठणीत आहे असं समजू नये. यावर वेगळं पत्र लिहीन. इथे शिवण भरकटायला लागली.

माझी मागणी एकच आहे आणि ती खर्चाची नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपापल्या प्रत्येक मासळी बाजारात, ओट्यांच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर एक मोजपट्टी लावावी. पापलेट, हलवा, बोंबील, सुरमई, बांगडा अशा नेहमीच्या आठ-दहा माशांची चित्रं खऱ्या मापात काढावीत, प्रत्येकाखाली कायद्याचं किमान माप इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये लिहावं, आणि मासा कुठून कुठपर्यंत मोजायचा ते बाणानं दाखवावं. कारण शेपटीच्या टोकापर्यंत की शेपटीच्या खाचेपर्यंत यावरून पापलेटात चांगलाच फरक पडतो, आणि भांडण तिथेच होणार. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आपण बघतो ना? मग लांबीसाठी भिंतीवर एक रेघ असायला कोणाची हरकत असावी? पट्टी लावल्यानं लगेच कोणी दंड भरणार नाही आणि भरावा असंही माझं म्हणणं नाही. निदान पहिलं वर्षभर तरी मावशींच्या पाटीवर धाड टाकू नये. सुरुवात हॉटेलांपासून करावी. ते पहाटे ढिगानं उचलतात आणि पावती घेतात.

गृहसंकुलांच्या सोसायट्याही एवढं करू शकतात. रविवारी खाली टेम्पोत मासे विकायला येणाऱ्याला किमान मापाचा मासाच आणायला सांगावं. फ्लॅटवाल्यांची मागणी तो ऐकतो, कारण त्याला पुढच्या रविवारी परत यायचं असतं.

आणि महापालिकेकडे या कामासाठी निधी नसेल, निविदा निघायला वर्ष लागणार असेल, तर एक फलक मी स्वखर्चानं करून देतो. दिवाळ्याच्या बाजारासाठी. रेक्झिनवर, कडा दुमडून दुहेरी शिवण मारून, वरती चार लोखंडी कड्या. फ्लेक्स तिथे टिकत नाही, खारं पाणी उडतं आणि दिवसातून दोनदा पाइपनं ओटे धुतात. अक्षरं कापून शिवीन म्हणजे रंग जाणार नाही. माशांची चित्रं काढायला भाच्याची मुलगी तयार आहे, ती कलाशाखेत शिकते. परवानगीचा कागद कोणाकडे मागायचा, प्रभाग कार्यालयात की मत्स्यव्यवसाय विभागात, एवढं आपल्या वार्ताहरानं विचारून कळवलं तर माझ्या दोन फेऱ्या वाचतील.

कळावे,
आपला वाचक,
एक शिंपी, नेरुळ, नवी मुंबई
(नाव छापू नये. मेहुणा आपलं वर्तमानपत्र वाचतो.)